मालवणचं पाणी, मऊ पिशवी आणि माझा कॅमेरा : माझा अनुभव

माझ्याकडे कॅननचा २००डी आहे. त्याला पाण्यात न्यायचं तर सगळे पहिल्यांदा कडक हाउसिंग (कॅमेऱ्याभोवती बसणारी पाणी न शिरणारी पेटी) सुचवतात. ॲल्युमिनियमचं चांगलं हाउसिंग कॅमेऱ्याच्या कितीतरी पट महाग पडतं, आणि ते बनवलेलं असतं एकाच मॉडेलसाठी. उद्या कॅमेरा बदलला, बटणं जरा इकडची तिकडे झाली, की ते कपाटात पडून राहणार. शिवाय मला खोल समुद्रात जायचंच नव्हतं. मला हवा होता मालवणचा किनारा, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक, माणूस पालथा पडून तरंगला की खाली दिसतं तेवढं पाणी. एवढ्यासाठी मऊ, लवचिक पिशवी पुरते का, हे मला करून बघायचं होतं. पुरते. पण तिची शिस्त पाळावी लागते, आणि ती शिस्त दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

अशा पिशव्यांचे बाजारात साधारण तीन घाट दिसतात. एक इवा-मरीन या जर्मन कंपनीचा: जाड पीव्हीसीची पिशवी, पुढे सपाट काच, आणि तोंड बंद करायला स्क्रूने आवळायच्या दोन पट्ट्यांचा क्लॅम्प. दुसरा कोरियन डिकापॅकसारखा: हलकी पिशवी, तोंड गुंडाळून बंद करायचं, उथळ पाण्यापुरती. तिसरा आउटेक्सचा: ताणलं जाणारं कव्हर, लेन्ससमोर वेगळी काच. मी पहिला घाट निवडला, कारण त्यात तोंड नीट बंद झालंय की नाही हे डोळ्यांना दिसतं आणि बोटांना कळतं. पाणी येणार ते तोंडातूनच, तेव्हा मला माझ्या हाताला पारखता येईल असंच तोंड हवं होतं.

घेण्याआधी कॅमेरा लेन्ससकट मोजा. पिशवी फार मोठी असेल तर आत हवा जास्त राहते आणि काचेच्या कडेला चुण्या पडून त्या फोटोत येतात. फार घट्ट असेल तर कोपऱ्यांवर ताण पडून प्लास्टिक लवकर थकतं.

लेन्सचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. या पिशवीची काच लेन्सच्या फिल्टरच्या आट्यांत बसवलेल्या एका रिंगवर टेकते, म्हणजे काच आणि लेन्स एकत्र धरलेली राहतात. ज्या लेन्सचं पुढचं तोंड फोकस करताना गोल फिरतं, ती इथे चालत नाही. पिशवी पिळली जाते आणि फोकसच्या मोटरवर भार येतो. झूम करताना खूप लांब होणारी लेन्सही त्रासाची. मी २४ मिलिमीटरची चपटी पॅनकेक लेन्स लावली. वजन १२५ ग्रॅम, फिल्टरचा व्यास ५२ मिलिमीटर, आणि १६ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस होते. हा शेवटचा आकडा मालवणमध्ये सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

सपाट काचेचा एक परिणाम आधीच हिशेबात धरावा लागतो. प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतो, त्यामुळे वस्तू आहे त्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश मोठी आणि एक चतुर्थांश जवळ भासते. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा, त्यामुळे २४ ची लेन्स जमिनीवर ३८ मिलिमीटरच्या लेन्ससारखी वागते, म्हणजे दृश्य अरुंद होतं. पाण्यात गेल्यावर ती जवळजवळ ५१ सारखी होते. म्हणजे रुंद दृश्याची आशा सोडायची. फार रुंद लेन्स लावून बघितली तर सपाट काचेतून फोटोचे कोपरे ओढल्यासारखे होतात आणि रंगांच्या कडा फुटतात. अर्धं पाण्यावर आणि अर्धं पाण्याखाली अशा फोटोंना मोठी घुमटाकार काच लागते, ते काम या पिशवीचं नव्हे.

आता तोंडाबद्दल. पिशवी आली तेव्हा कॅमेरा आत घालायच्या आधी मी फक्त बंद करण्याचाच सराव केला. दोन्ही कडा टेबलावर सपाट जुळवायच्या, मधे एकही सुरकुती नको. क्लॅम्प सरकवायचा. मग स्क्रू एकदम एकच आवळून संपवायचा नाही. थोडा हा, थोडा तो, असं करत सगळे सारखे बसवायचे. शेवटी कड बोटाने आरपार चाचपायची. बंद करायची जागा कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायची. चष्म्याचं कापड उत्तम, टॉवेल अजिबात नको.

मग पिंपातली चाचणी. पिशवीत कॅमेऱ्याऐवजी एक गुळगुळीत दगड आणि टिशू पेपर घातले, तोंड बंद केलं आणि पाण्याने भरलेल्या पिंपात तासभर बुडवून ठेवलं. टिशू पेपर साक्षीदार म्हणून फार चांगला. एका थेंबानेही त्याचा रंग बदलतो. एका चाचणीत त्याची एक कड ओली निघाली. टॉर्च लावून बघितलं तर तोंडाच्या कडेवर एकच केस आडवा पडलेला. डोळ्यांना सहज दिसणारही नाही एवढा बारीक, पण पाण्याला तेवढी वाट पुरते. तेव्हापासून तोंड बंद करण्याआधी तिरप्या उजेडात कड बघणं हा ठरलेला भाग झाला. पिंपानंतर जलतरण तलाव, तिथेही आधी दगडच, कारण तिथे हात हलतात, पिशवी वाकते, क्लॅम्पला धक्के बसतात. टिशू कोरडा निघत राहिला तेव्हाच कॅमेरा आत गेला.

तलावात दुसरी गोष्ट कळली: हवा. कॅमेरा आणि लेन्स मिळून जेमतेम पावणेसहाशे ग्रॅम, आणि त्यातलाही बराच भार पाणीच उचलतं. पिशवीत एक लिटर हवा राहिली की ती सुमारे एक किलो वजन वर ढकलते. मग सगळा वेळ पिशवी खाली दाबून धरण्यात जातो आणि हात थरथरतात. हवा पूर्ण काढून टाकावी तर पिशवी कॅमेऱ्याला घट्ट चिकटते, बोट बटणावर सरकवता येत नाही. त्यात खोलीचा परिणाम असा की समुद्रात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने, म्हणजे किनाऱ्यावर हवेचा असतो तेवढ्याने, वाढतो. १० मीटरवर आतली हवा निम्मी होते, ३ मीटरवर साधारण पाऊण. म्हणजे वर सैल वाटणारी पिशवी खाली जाताना आवळत जाते आणि बटणं आपोआप दाबली जाऊ शकतात. पिशवीसोबतच्या माहितीत लिहिलेली खोली त्याहून बरीच जास्त आहे, तरी मी ३ मीटरच्या आतच राहते, कारण तेवढ्यात बोटांना कॅमेरा कळतो.

यावर तोडगा मालवणातच मिळाला. जाळ्यांचं सामान विकणाऱ्या दुकानातून शिशाचे तुकडे घेतले, जाड सुती कापडात घट्ट शिवले आणि पिशवीच्या तळाशी ठेवले. तुकडे कमी-जास्त करत वजन असं बसवलं की हातातून सुटली तर पिशवी सावकाश वर येईल. बुडणारी पिशवी मला नको. दोरी मनगटाला असतेच, पण दोरीवर सगळी भिस्त ठेवायची नाही. हवा कमी पडली तर आत तोंडाने फुंकू नये, श्वासातली वाफ काचेवर धुकं धरते. लेन्स साफ करायचा रबरी ब्लोअर वापरावा.

धुक्याचा बंदोबस्त तोंड बंद करण्याच्या जागेपासून सुरू होतो. कोकणातली हवा दमट, ती आत कोंडली की ओल बरोबर घेऊनच पाण्यात जाते. मी सकाळी एसी असलेल्या खोलीत पिशवी बंद करते आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवते. निघण्यापूर्वी पुड्यांतले दाणे कोरड्या कढईत मंद आचेवर तापवून घेते. बाहेर आल्यावर थंड पिशवीच्या बाहेरून दव धरतं, ते पुसलं की झालं. होडीत पिशवी ओल्या पंचाखाली सावलीत ठेवते. उन्हात ठेवली तर आतली हवा फुगते आणि पीव्हीसीही खराब होतं.

कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज आत घालण्याआधीच ठरवाव्या लागतात. पाण्यात चकती फिरवता येते, पण मासा तोवर थांबत नाही. शटर १/३२०, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटो पण १६०० च्या वर नको, फोकसचा एकच मधला बिंदू, फोटो रॉमध्ये, म्हणजे नंतर रंग सुधारता येतील अशा कच्च्या फाइलमध्ये. मास्क घातल्यावर डोळा व्ह्यूफाइंडरला लागत नाही, त्यामुळे मागचा पडदा वापरावा लागतो, आणि त्याने बॅटरी लवकर उतरते. पडद्याचा टच मी बंद ठेवते. प्लास्टिकमागून पाण्याचा दाब आला की तो वाटेल तसा वागतो. फ्लॅशही बंद. पिशवीतला फ्लॅश पाण्यातले कण उजळवतो आणि सगळा फोटो पांढऱ्या ठिपक्यांनी भरतो.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, आणि किल्ल्याभोवतीचं पाणी त्याच्या गाभ्यात येतं. हे लक्षद्वीप नव्हे. इथलं पाणी हिरवट, कणांनी भरलेलं. काही मीटरपलीकडे सगळं पुसट होतं. पण उथळ पाण्यात सूर्य तळापर्यंत पोचतो आणि खडकांवर जीवन गच्च भरलेलं आहे. फक्त दिवस आणि वेळ निवडायला हवी, आणि ती मला होडीवाल्याने शिकवली. मी आधी अमावास्येच्या आसपासची तारीख विचारत होते. तो म्हणाला, "ताई, उधाणाक येव नको. भांग आसताना ये, पाणी निवळ गावतला." उधाणात भरती-ओहोटीचा जोर मोठा, तळाचा गाळ उठतो, अष्टमीच्या सुमारास भांगाला पाणी कमी हलतं आणि गाळ बसतो. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो तोवर पृष्ठभाग शांत, दुपारी खारे वारे सुटले की लाटा फुटू लागतात. म्हणून मी नऊ ते अकराची वेळ धरते: सूर्य पुरेसा वर आलेला, आणि वारा अजून फिरलेला नाही.

अंगावर लाइफ जॅकेट, तोंडात स्नॉर्केल (श्वासाची नळी), पालथं तरंगायचं आणि पिशवी दोन्ही हातांनी पुढे धरायची. पाण्याखाली उजव्या तर्जनीसाठी पिशवीतच हातमोज्यासारखं बोट केलेलं असतं, त्यातून शटर दाबलं जातं. जरा सवय झाली की अर्धं दाबून फोकस धरणंही जमतं. गढूळपणावर एकच इलाज, जवळ जाणं. लेन्स आणि विषय यांच्यात जितकं पाणी कमी, तितके कण कमी आणि रंग खरे. दीड-दोन मीटर दूरचा मासा राखाडी दिसतो. तोच हातभर अंतरावर आला की पाठीवरचा पिवळा आणि अंगावरचे पाच काळे पट्टे लख्ख येतात. सार्जंट मेजर नावाचे हे मासे इथे भरपूर आहेत आणि पिशवीला घाबरत नाहीत, उलट काचेत बघायला येतात. धातूची कडक पेटी आणि ही मऊ गोष्ट यांत माशांना काही फरक वाटतो का, हे मला नक्की सांगता येणार नाही, पण खडकाच्या कपारीत पिशवी हलकेच टेकवता येते, हा तिचा मोठा फायदा. खडक म्हणजे मात्र जिथे प्रवाळ नाही असा उघडा दगड. इथे पोरायटीस या प्रवाळाच्या गोल वसाहती आहेत, टर्बिनेरिया या प्रवाळाचे ताटल्यांसारखे पसरट थर आहेत. कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं. फोटोसाठी त्यावर पाय, गुडघा किंवा पिशवी काहीही टेकवायचं नाही. मासे जवळ यावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकणंही मी होडीत आधीच नको म्हणून सांगते. पाच-दहा मिनिटं न हलता तरंगलं की मासे आपणहून येतात, आणि ते खरे त्यांच्या वागण्यात असतात.

माझा सगळ्यात आवडता फोटो माशाचा नाहीच. सार्गासम या समुद्री शेवाळाच्या तपकिरी झुडपात वरून ऊन येतंय, पानांमधले छोटे फुगे उजळलेत आणि एक इवलंसं खेकड्याचं पिल्लू एका फांदीला धरून आहे. १६ सेंटिमीटरचा आकडा इथे कामाला आला.

रंगांसाठी प्रत्येक वेळी पाण्यात गेल्या गेल्या पांढऱ्या पीव्हीसीच्या पट्टीचा एक फोटो काढते. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी शोषला जातो. दोन मीटरवर तो अजून शिल्लक असतो, म्हणून रॉ फोटोत पट्टीवरून रंग परत जमवता येतो. खोल पाण्यात ही सोय राहत नाही.

किनाऱ्यावर आल्यावर घाई करायची नाही. पिशवी बंद असतानाच गोड्या पाण्याच्या बादलीत बराच वेळ बुडवून ठेवते, क्लॅम्पचे स्क्रू पाण्यातच बाहेरून चोळते, कारण मीठ तिथे साचतं. मग पूर्ण पुसायची, तोंड खाली धरून क्लॅम्प सोडायचा, म्हणजे कडेवर अडकलेले थेंब बाहेर पडतात, आत जात नाहीत. हात आणि केस कोरडे असल्याशिवाय तोंड उघडत नाही. केस बांधलेले हवेत. मघाचा तो एक केस आठवतो.

पावसाळ्यात समुद्र बंद असतो, तेव्हा पिशवी घडी न घालता, आत थोडा कागद भरून, अंधाऱ्या कपाटात राहते. घड्यांच्या जागी पीव्हीसीला भेगा जातात, आणि काचेच्या चिकटवलेल्या कडेकडेने सर्वांत आधी. म्हणून दिवाळीनंतर पहिल्या मालवण फेरीआधी पुन्हा दगड, टिशू पेपर आणि पिंप. कडेला पांढुरकी रेघ दिसू लागली तर दुसरी पिशवी घेईन. कॅमेरा त्या जुन्या पिशवीत पुन्हा घालणार नाही.