गोड टोमॅटोसाठी पाणी तोडायला शिकले

आमचं घर नाशिकजवळ मखमलाबादला, मागे थोडी मोकळी जागा आणि पलीकडे द्राक्षबागा. गिरणारे आणि पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोच्या कॅरेटचे ढीग लागतात, मग घरी कशाला लावतेस, असं सासूबाईंनी विचारलंच. पण तो टोमॅटो लांबच्या गावी पोहोचेपर्यंत टिकायला हवा, म्हणून नुकता रंग धरताना, कडक असतानाच तोडतात. आमटीला, भाजीला तो उत्तम. मला लेकीने येता-जाता शेंगदाण्यासारखा तोंडात टाकावा असा चेरी टोमॅटो हवा होता, आणि तो गोडच हवा होता.

२०२२ च्या जूनमध्ये बी टाकलं. हिरवी शेडनेट ताणली, शेणखत हात सैल सोडून घातलं, पाऊस नसेल त्या दिवशी संध्याकाळी पाणी. झाडं डोक्याच्या वर गेली, पानं तळहातापेक्षा रुंद. फुलं मात्र गळत राहिली, खालच्या पानांवर करपा चढला आणि जी मूठभर फळं मिळाली ती पाणचट निघाली. लेकीने एक खाल्लं आणि दुसरं परत वाटीत ठेवलं. मला फार वाईट वाटलं.

शेजारच्या नानांची द्राक्षबाग आहे. ते एकदा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली गोडी मोजायचं यंत्र, घेऊन आले. काचेवर रसाचा थेंब, वर झाकण, उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्याची सीमा कुठे येते ते वाचायचं. सीमा पाचावर. हे माप ब्रिक्समध्ये असतं, आकडा जितका मोठा तितकी साखर जास्त. साधा टोमॅटोसुद्धा चार-पाच ब्रिक्स असतो. नाना म्हणाले, "ताई, मण्यात पाणी उतरलं, म्हणजे मणी मऊ पडू लागले, की आम्ही हळूहळू पाणी तोडतो. तुम्ही शेवटपर्यंत पाजताय. साखर पातळ होणारच. आणि ही नेट काढा आधी. ऊन नाही तर पान साखर बनवणार कशातून?"

दुसऱ्या वर्षी सगळं यावरच उभं केलं. बी सप्टेंबरच्या सुरुवातीला, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ट्रेमध्ये. भाच्याने सनगोल्डचं पाकीट दिलं होतं. ही केशरी संकरित जात गोडीसाठी नावाजलेली, पण साल पातळ. पंचवीस दिवसांची रोपं दक्षिणेच्या भिंतीला लागून मोठ्या ग्रो बॅगमध्ये लावली, नेट नाही. प्रत्येक झाडाला वरून सुतळी सोडली आणि एकच खोड ठेवलं. पानाच्या बगलेत येणारी फूट बोटाएवढी असतानाच मोडायची, नाहीतर झाडाची सगळी ताकद पाल्यात जाते. हे काम आठवड्यातून दोनदा न चुकता केलं. नत्राचं खत फुलं दिसल्यावर थांबवलं आणि पोटॅशवर भर दिला.

फुलं धरायला हाताची मदत लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. टोमॅटोच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, पण पराग आतल्या नळीत बंद असतो आणि हलवल्याशिवाय सुटत नाही. मोकळ्या शेतात वारा आणि भुंगे ते काम करतात. आमच्या भिंतीच्या आडोशाला वारा कमी. म्हणून सकाळी दहाच्या सुमारास, दव सुकल्यावर, प्रत्येक घोसाला टिचकी. आठवड्यात फरक दिसला.

पाण्याचं गणित जमायला मात्र महिना गेला. आधी झाडामागे रोज दीड लिटर, फळ रंग धरू लागलं की निम्मं. दुपारी शेंड्याने किंचित मान टाकली आणि संध्याकाळी सावरलं, तर चालतं. सकाळीसुद्धा मान खाली असेल तर पाणी द्यायलाच हवं. नोव्हेंबरात दोन दिवस गावाला गेले, परत आल्यावर कोरड्या पिशव्या पाहून जीव कळवळला आणि पोटभर पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पिकत आलेली सगळी फळं तडकलेली. आतला गर एकदम फुगतो, साल तेवढी ताणत नाही. द्राक्षाचे मणी बेमोसमी पावसात तडकतात ते याच कारणाने. तेव्हापासून ठिबकची नळी आणि टायमर. पाणी कमी, पण रोज तेवढंच.

डिसेंबरात निफाडकडचा गारठा इथेही जाणवतो. रात्री पारा दहाच्या खाली गेला की नवी फुलं धरत नाहीत, लागलेली फळं सावकाश पिकतात. रात्री पोती आणि प्लॅस्टिक पांघरलं, सकाळी काढलं. तोडायची घाई केली नाही. सनगोल्ड पिवळं दिसतं तेव्हा आंबट असतं, गडद केशरी होऊन हलक्या हाताने देठासकट सुटतं तेव्हा तयार. फ्रिजमध्ये एकही ठेवलं नाही, थंडीने त्याचा वास मरतो.

जानेवारीत नाना पुन्हा यंत्र घेऊन आले. साडेआठ. पलीकडच्या झाडाचं नऊ. त्यांच्या द्राक्षाला अठरा लागते, पण त्यांनी दोनदा पुसून पुन्हा थेंब टाकला. लेक तोपर्यंत वाटी रिकामी करून उरलेले घोस मोजत होती.

मार्चच्या उन्हात फुलं गळायला लागली, तेव्हा झाडं काढली. त्या पाकिटातल्या बारा बिया शिल्लक आहेत, त्या सप्टेंबरसाठी डबीत ठेवल्यात. संकरित फळाचं बी धरून उपयोग नाही, त्यातून तीच गोडी येईल असं नसतं.