आधी शिवण, मग बरगड्या
सावंतवाडीत आमचं लाकूडकामाचं दुकान आहे. वडील खेळणी करायचे, मी गेली बारा वर्षं जहाजांची मॉडेलं करतो. गुराब, गलबत, मचवा, बरीचशी सत्कारात द्यायला जातात. तोफा आणि भगवा दिसला की गिऱ्हाईक खूश, तळ कुणी उलटून बघत नाही.

२०२४ मध्ये एका संस्थेची ऑर्डर आली. अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलंय ना, त्यावरून गोव्यात दिवाडीला खरं जहाज बांधत होते, फळ्यांना खिळा न मारता काथ्याच्या दोरीने शिवून, त्याचं मॉडेल हवं होतं. लांबी साधारण १९.६ मीटर, म्हणजे १:४० ला ४९ सेंटिमीटर. मी नेहमीसारखं पठाण, म्हणजे तळाचा लांब कणा, घातलं, त्यावर २२ बरगड्या उभ्या केल्या, एकेक घासून सारखी केली, दीड महिना त्यातच गेला. फळ्या चढवायच्या आधी म्हटलं एकदा डोळ्यांनी बघून येऊ. ओळखीने परवानगी मिळाली आणि भर पावसात फेरीबोटीने दिवाडीला पोचलो.

आत वाकून बघितलं आणि पोटात खड्डाच पडला. बरगड्या अजून बसायच्याच होत्या, नुसत्या फळ्या एकमेकींना शिवून जहाजाचं आख्खं पोट उभं! केरळच्या बाबू शंकरन यांची माणसं काम करत होती. फळीच्या काठाला ओळीने भोकं, जोडावर काथ्याची वळी, एकजण आत एकजण बाहेर, दोरी आरपार घालून अशी ताणायची की वळी चेपून घट्ट बसते. एकाने मला दोरी धरायला दिली, मी जीव लावून ओढली, तो हसला आणि त्याने अजून दोन बोटं ओढून दाखवली. शिवलेलं जहाज लाटेला थोडं वाकतं, ताठ राहत नाही, हे वाचून माहीत होतं, पण हाताला तेव्हा कळलं. आणि नकाशा काहीच नाही, फक्त ते चित्र. आयआयटी मद्रासने मॉडेल करून पाण्यात चाचण्या घेतल्या होत्या, मॉडेलाला कोणी एवढं मानतं याचा मला फार आनंद झाला.

परत येऊन संस्थेच्या साहेबांना फोन केला, म्हटलं सगळं पहिल्यापासून करावं लागेल, तीन महिने द्या. "अहो, आत कोण बघतंय? कार्यक्रमाची तारीख ठरलीय." शेवटी बरगड्यांवर फळ्या चिकटवल्या, वरून धागा चिकटवला आणि दिलं. खाली त्यांनी पितळी पट्टी लावली, 'पारंपरिक पद्धतीने शिवलेले जहाज'. पैसे सगळे मिळाले. 'शिवलेले' हा शब्द मात्र माझ्या कामाखाली खोटा आहे आणि मी तेव्हा गप्प बसलो.

मग स्वतःसाठी दुसरं धरलं. शिवण नावाच्या झाडाच्या लाकडाची दीड मिलिमीटरची पट्टी, ०.४ चं ड्रिल. भोक काठाच्या जवळ गेलं की पट्टी रेषेवर चिरते, लांब गेलं की जोड उघडा पडतो. पट्टी वाफवून आधी वळवायची, भोकं नंतर, हे कळायला अकरा पट्ट्या फुकट गेल्या. आकार धरायला आत जाड पुठ्ठ्याचे साचे ठेवतो, ते शिवण झाल्यावर काढायचे आणि मगच बरगड्या.

ते जहाज आता नौदलात आहे, कौंडिण्य नाव दिलंय, पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलं. बातमी बघितली तेव्हा माझ्या टेबलावर डाव्या बाजूची पाचवी फळी शिवायची चालली होती.