सायडरचा हंगाम: डॅबिनेट भरपूर, ब्रॅमली बेताने

इंग्लंडमधल्या सॉमरसेटातली सफरचंदं घरी येऊन पडली आणि या वेळच्या सायडरचं, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या दारूचं, मिश्रण एकदाचं ठरलं. तीन जातींची सफरचंदं: निम्म्याहून जास्त डॅबिनेट, त्याखालोखाल यार्लिंग्टन मिल आणि आंबटपणापुरतं ब्रॅमली.

डॅबिनेट ज्यांनी चाखलं नसेल त्यांच्यासाठी: पहिला घास चक्क गोड लागतो, मग कच्चा चिकू खाल्ल्यागत जीभ आखडते. हा तुरटपणा टॅनिनचा. दुकानातल्या गाला-फुजीत तो नावालाच असतो. साखर सगळी यीस्टच्या पोटात गेल्यावर तोंडात रेंगाळायला काहीतरी मागे उरायला हवं ना! नुसत्या खायच्या सफरचंदांची सायडर म्हणूनच पाणचट लागते.

ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्राची सायडरच्या सफरचंदांची जुनी वर्गवारी अजूनही कामाला येते. टॅनिन ०.२ टक्क्याच्या वर आणि आम्ल ०.४५ च्या खाली, तर फळ बिटरस्वीट; दोन्ही वर असतील तर बिटरशार्प. माझी दोन्ही मुख्य फळं बिटरस्वीट. किंग्स्टन ब्लॅक हे बिटरशार्प, एकट्याच्या जिवावर सायडर निभावून नेणारं, पण झाड फळ देताना हात आखडता घेतं. मला यंदा मिळालं नाही.

फळं आल्या आल्या दळली नाहीत. पोत्यांत भरून शेडमध्ये ठेवली. अंगठा दाबल्यावर खळगा पडू लागला की एक फळ आडवं कापायचं आणि आयोडीनचा थेंब टाकायचा. गर काळानिळा झाला तर साखरेत न बदललेला स्टार्च अजून शिल्लक आहे, म्हणजे थांबायचं. डाग-खरचटं चालतं, कुजलेलं, बुरशी आलेलं एकही नको.

डॅबिनेटच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४ च्या वर निघाला. ३.८ च्या वर नको ते जिवाणू माजतात, म्हणून ब्रॅमलीचा रस थोडा थोडा घालत, दर वेळी चाखत, ३.६ वर आणला. मीटरपेक्षा जिभेवर माझा भरवसा जास्त, पण पीएचच्या बाबतीत जीभ फसते: गोडव्याखाली आंबट दडून बसतं.

रसाची घनता, म्हणजे त्यातली साखर, मोजणारा हायड्रोमीटर १.०५२ दाखवतोय. पूर्ण आंबली तर अल्कोहोल साडेसहा-सात टक्क्यांच्या घरात जाईल. एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारं झाकण) संथपणे बुडबुडतोय. शेड थंड आहे ते बरंच, घाई नाहीच.

थोडा डॅबिनेट रस वेगळा आंबवायला ठेवलाय, नंतर मिश्रणात मिसळायला. कोणी ब्रॅमलीऐवजी फॉक्सव्हेल्प वापरलं असेल तर प्रमाण किती धरलं ते कळवा. त्यात आंबटासोबत तुरटही येतं, म्हणून पुढच्या हंगामात तेच शोधायचा विचार आहे.