आमची वाटचाल : पीएच मीटरच्या दुरुस्तीपासून मेंदूच्या अडथळ्यापर्यंत

भोसरीत वडिलांनी सुरू केलेलं आमचं युनिट मुळात दुरुस्तीचं. पीएच मीटर, कंडक्टिव्हिटी मीटर, कॉलेजच्या प्रयोगशाळांतली बारीकसारीक कामं. मी धंद्यात आलो तोवर बाहेरून येणारे मीटर इतके स्वस्त झाले होते की दुरुस्तीला कोण पैसे देणार? हातात एक कसब मात्र होतं : चांदीच्या तारेवर सिल्व्हर क्लोराइडचा थर एकसारखा चढवणं, म्हणजे मोजणीचे इलेक्ट्रोड बनवणं. पुढचा सगळा धंदा त्याच्यावर चालला.

पुण्यात विषाणूंवरचं काम जुनं आहे. व्हायरस रिसर्च सेंटर इथे 1952 साली सुरू झालं, तीच आजची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. नागपूरजवळच्या गावाचं नाव मिळालेला चांदीपुरा विषाणूही 1965 साली इथल्याच शास्त्रज्ञांनी शोधला. अशा शहरात गिऱ्हाइकं कधीकधी विचित्र मागणी घेऊन येतात. एका संशोधक मॅडमना पेशींच्या थराचा विद्युत रोध मोजणारी इलेक्ट्रोडची जोडी हवी होती. बाहेरची जोडी बिघडली की बदली यायला महिने जायचे.

कशासाठी, ते त्यांनीच समजावलं. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातली बहुतेक द्रव्यं मधून मेंदूत झिरपत नाहीत. हाच रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा. त्या सांध्यांत क्लॉडिन-5, ऑक्लुडिन अशी प्रथिनं असतात आणि बाहेरून पेरिसाइट (वाहिनीला बिलगलेल्या) आणि ॲस्ट्रोसाइट (मेंदूतल्या आधार देणाऱ्या) पेशींचा आधार. प्रयोगशाळेत या पेशी सच्छिद्र पटलावर वाढवतात आणि पटलाच्या वर एक, खाली एक इलेक्ट्रोड ठेवतात. सांधे घट्ट असले की आयनांना वाट मिळत नाही, रोध जास्त येतो. विषाणू सोडल्यावर आकडा घसरला की सांधे सुटायला लागले.

विषाणू भोक पाडून आत घुसतो, असं सगळ्यांना वाटतं. जपानी मेंदूज्वरावर उंदरांमध्ये झालेल्या अभ्यासात क्रम उलटा दिसला : विषाणू मेंदूत आधी पोचलेला, अडथळा नंतर ढासळलेला. मेंदूतल्या संसर्गामुळे आयपी-10 सारखी रसायनं सुटतात, टीएनएफ-अल्फा हा दाह वाढवणारा घटक वाढतो आणि सांध्यांतली प्रथिनं कमी होत जातात. म्हणजे नासधूस बऱ्याच अंशी शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारातून होते. वेस्ट नाइल या डासांतून पसरणाऱ्या विषाणूच्या संसर्गात एमएमपी-9 नावाचं विकर वाहिनीभोवतालचं अस्तर पोखरतं, तर इंटरफेरॉन-लॅम्डा हे शरीराचंच विषाणूविरोधी प्रथिन उलट सांधे आवळतो. कोविडच्या विषाणूचं एक विकर केशवाहिनीच्या पेशीतलं नेमो हे प्रथिन कापतं. पेशी मरते आणि मागे नुसती पोकळ नळीची चौकट उरते. एचआयव्ही संसर्ग झालेल्या पांढऱ्या पेशींत बसूनच पलीकडे जातो, तिथे दारच फोडायची गरज नाही.

हे ऐकल्यावर आमच्या लक्षात आलं की एकदा घेतलेल्या मोजणीला फारसा अर्थ नाही. आकडा कधी आणि किती वेगाने पडला, हेच तर हवं असतं. शिवाय पेशी वाढवलेली कप्प्यांची प्लेट इन्क्युबेटरमधून (पेशींना ऊब देणाऱ्या कपाटातून) बाहेर काढली की तापमान उतरतं आणि रोध आपोआप बदलतो. म्हणून आम्ही इलेक्ट्रोड बसवलेलं झाकणच केलं. ते आतच राहतं आणि ठरावीक वेळाने मोजणी घेतं. रिकाम्या पटलाचा रोध वजा करून उरलेल्या आकड्याला क्षेत्रफळाने गुणणं (चोवीस कप्प्यांच्या प्लेटला 0.33 चौरस सेंटिमीटर) मीटरच करतो. जिवंत मेंदूत हा आकडा 1000 ओहम-चौरस सेंटिमीटरच्या वर जातो, पण उंदराच्या नेहमीच्या पेशींचा थर त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तिथे चार-दोन ओहमचा फरकही खरा धरावा लागतो.

विषाणूचं काम बंदिस्त कक्षात चालतं. आत गेलेली वस्तू निर्जंतुक केल्याशिवाय बाहेर येत नाही, आणि ते करताना इलेक्ट्रॉनिक्सचा बळी जातो. आम्ही मीटरची पेटी बाहेर ठेवली, आत फक्त केबल आणि झाकण. तारा दोन जोड हातमोजे घालूनही बदलता येतात. दुरुस्तीवाल्याच्या घरात वाढल्याचा फायदा हाच. यंत्र कुठे बिघडणार, ते आधी डोळ्यांपुढे येतं.

बिलं मात्र मार्चअखेरीला अडकतात ती अडकतातच. त्यावर अजून कुठलं मीटर निघालेलं नाही.

सध्या विचारणा आहे ती पटलाच्या खालच्या बाजूला ॲस्ट्रोसाइट वाढवलेल्या प्लेटांसाठी. तिथे खालचा इलेक्ट्रोड पेशींना टेकता कामा नये, म्हणून अंतर नव्याने बसवतोय. नमुना तयार आहे, चाचणी व्हायची आहे.