तुम्ही विचारलंत म्हणून : गावाकडे जाऊन का राहत नाही?

लग्नात, बँकेच्या रांगेत, परवा तर बसमध्ये शेजारच्या बाईंनीही पर्समधला पंप बघून विचारलं, "एवढा दमा आहे, तर गावाकडे का जात नाही? तिथली हवा चांगली." दर वेळी मी "बघू" म्हणते. आज नीट सांगते.

माझं माहेर भोकरदन तालुक्यात. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची मळणी चालते, तिचा भुसा घरात येतो. पुढे कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटतात. गॅस आहे, पण भाकरी चुलीवरच. आणि जिल्ह्याचं जालना शहर? मी राहते त्या संभाजीनगरसारखंच तेही २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या खराब हवेच्या शहरांच्या यादीत आहे. रात्री धाप लागली तर गावात गाडी शोधण्यातच जीव जायचा.

पण तुम्हाला २०१८ ची ती रात्र सांगायला हवी. शहराचा कचरा नारेगावला टाकला जायचा; फेब्रुवारीत नारेगावकरांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. कित्येक वर्षं शहराची घाण त्यांनी सोसली होती, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मग कचरा आमच्या सिडकोतल्या कोपऱ्यावर साचला आणि मार्चमधल्या एका रात्री कुणीतरी तो पेटवला. प्लास्टिक, ओला कचरा, सगळं एकत्र. दोनच्या सुमारास खोकत उठले. खिडक्या बंद, तरी घर धुराने भरलेलं. निळा पंप दोनदा घेतला, पुन्हा दोनदा. छातीत शिट्टी वाजत होती. नवऱ्याला "चल" एवढंच म्हणता आलं. गाडीवर मागे बसून नाकाला पदर लावला. त्याने धूर थोडाच अडतो! वाटेत आणखी दोन ढीग धुमसत होते. दवाखान्यात तीनदा वाफ दिली. जरा बोलता यायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "रोजचा पंप घेत होतात ना?"

मी "हो" म्हणाले.

खोटं होतं ते. अडीच महिने घेतला नव्हता. "सवय लागते" असं घरात सगळेच म्हणायचे, आणि मला बरंही वाटत होतं. निळा पंप आवळलेली श्वासनळी तेवढ्यापुरती सैल करतो. आतली सूज रोजच्या स्टेरॉइडच्या पंपाने आटोक्यात राहते. त्याची सवय लागत नाही. हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. सांगितलं होतं.

तरीही तेव्हाची मी अजून भांडते : आग मी लावली होती का? धूर नसता तर मी सकाळी नेहमीसारखी उठले असते. तिचंही खरं आहे. हवेतल्या सूक्ष्म कणांची (पीएम २.५) २४ तासांची मर्यादा आपल्याकडे घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. पण शहराच्या सरासरीत माझ्या खिडकीखालचा ढीग कुठे दिसणार?

आणि मला हे शहर सोडायचं नाही. नोकरी आहे, मुलाची शाळा आहे, ही कारणं खरी आहेत. पण त्याआधी राग आहे. जायचं ते मीच का?

गेल्या आठवड्यात कोपऱ्यावर झाडणाऱ्या मावशींनी पाला पेटवला. मी बादली घेऊन खाली धावले, पाणी ओतलं, तावातावाने बोलले. त्या म्हणाल्या, "ताई, गाडी चार दिवस आली न्हाई. म्या कुठं टाकू?" मला काही सुचलं नाही. घरातून दोन रिकामी पोती आणली, पाला भरू लागलो. तेवढ्यातही खोकला आलाच.