दोनशे बारा प्रेक्षक, सात टीव्ही

वाहिनीच्या संशोधन विभागात काम करणाऱ्यांचा आठवडा गुरुवारी सुरू होतो. बार्कचा, म्हणजे देशातल्या टीव्हीच्या प्रेक्षकांची मोजणी करणाऱ्या संस्थेचा, आठवडा शनिवार ते शुक्रवार असा मोजला जातो आणि त्याचे आकडे त्यापुढच्या गुरुवारी हाती येतात. म्हणजे शनिवारी रात्री दाखवलेला भाग किती जणांनी पाहिला हे आम्हाला बाराव्या दिवशी कळते आणि तोवर पुढच्या शनिवार-रविवारचे भागही दाखवून झालेले असतात. लोकांना वाटते की आम्ही रात्रभर पडद्यावर चढउतार न्याहाळत बसतो. प्रत्यक्षात आम्ही शिळ्या आकड्यांवर ताजे निर्णय घेतो.

ज्या गुरुवारबद्दल लिहिते आहे त्या दिवशी आमच्या सर्वांत विचित्र मालिकेचा, आणि माझ्या मते सर्वांत चांगल्या मालिकेचा, आकडा आणखी खाली आला होता. तिचे नाव सांगत नाही. ती हरवलेल्या वस्तूंच्या एका कार्यालयात घडत असे. प्रत्येक भागात कुणीतरी आपली वस्तू मागायला येई आणि बहुधा दुसऱ्याचीच घेऊन जाई. तिच्यात कारस्थान नव्हते, पार्श्वसंगीत जवळजवळ नव्हते आणि एका भागात तर बंद छत्रीकडे पाहत दोन माणसे नऊ मिनिटे एक शब्दही बोलत नाहीत.

त्या नऊ मिनिटांवरून मी दिग्दर्शकाशी भांडले होते. बार्कच्या पद्धतीत वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, तिला आम्ही वॉटरमार्क म्हणतो. निवडक घरांत टीव्हीजवळ बसवलेला मीटर ती खूण टिपून कोणती वाहिनी लागली आहे हे ओळखतो. अशी खूण आवाजाच्या आडोशाने राहते, त्यामुळे निव्वळ शांततेत तिला लपायला जागा नसते. अमेरिकेत रेडिओच्या श्रोतेमोजणीबाबत २०१५ च्या सुमारास नेमका याच मुद्द्यावर वाद पेटला होता. म्हणून मी त्या शांततेखाली पंख्याची घरघर मागितली आणि हट्टाने मिळवली. दिग्दर्शक महिनाभर माझ्याशी बोलला नाही. आकडाही हलला नाही, त्यामुळे आमच्या दोघांपैकी कोणाचे बरोबर होते हे अद्याप ठरलेले नाही.

त्या दिवशी दुपारी स्वागतकक्षातून फोन आला की एक गृहस्थ वही घेऊन आले आहेत आणि ‘रेटिंग मोजणाऱ्यांना’ भेटल्याशिवाय जाणार नाहीत. चाहत्यांना भेटणे हे आमचे काम नाही, ते प्रसिद्धी विभागाचे आहे. परंतु प्रसिद्धी विभागाचे सगळे लोक नव्या मालिकेच्या मुहूर्ताला गेले होते. जुन्या मालिकेच्या प्रेक्षकाशी बोलायला आमच्याकडे कधीच कोणी नसते.

गृहस्थ निवृत्त गणितशिक्षक होते. मालिका बंद होणार अशी कुजबुज त्यांच्या कानावर आली होती. सहा आठवड्यांपूर्वी त्यांनी वाहिनीला पत्र पाठवले होते आणि त्याला उत्तरही मिळाले होते. ते उत्तर त्यांनी घडी घालून वहीत ठेवले होते. ‘आपली आवडती मालिका ठरलेल्या वेळी टीव्हीवरच पाहा, आपला प्रतिसाद आमच्यासाठी मोलाचा आहे.’ हे वाक्य मी ओळखले, कारण आमच्या विभागाने प्रसिद्धी विभागाला ते लिहून दिले होते आणि त्याचा मसुदा माझा होता.

त्यांनी ते वाक्य अक्षरशः पाळले होते. वहीत दोनशे बारा नावे होती, साठ घरांतली. नावापुढे स्वाक्षरी आणि स्वाक्षरीपुढे प्रत्येक शनिवार-रविवारचा रकाना, त्यात हजेरीची खूण. कुणी मोबाइलवर भाग पाहिला तर तांबड्या शाईने फुली. तरुण मुले रात्री साडेदहापर्यंत टीव्हीसमोर थांबत नाहीत, हे लक्षात आल्यावर त्यांनी उपाय काढला होता. ज्यांच्याकडे मोठे टीव्ही होते अशा सात जणांच्या घरी सर्वांनी जमायचे आणि एकत्र बसून मालिका पाहायची. हे ते अभिमानाने सांगत होते. ‘एकही गैरहजर नाही, मॅडम. मग आकडा वाढायला नको का?’

मी त्या सात घरांच्या यादीकडे पाहत राहिले. मग दार लोटून घेतले आणि सहसा कुणा बाहेरच्या माणसाला जे सांगत नाही ते सांगितले. तुमचा टीव्ही चालू आहे की बंद, हे आम्हाला कळतच नाही. मीटर असलेल्या घरांपुरतेच ते कळते. २०२० मध्ये देशात टीव्ही असलेली सुमारे २१ कोटी घरे होती आणि मीटर सुमारे ४४ हजार घरांत होते. नंतर मीटर वाढले, तरी प्रमाणाची जात तीच राहिली. मीटरच्या घरात प्रत्येक माणसाने टीव्हीसमोर बसताना आपले बटण दाबायचे असते. ही घरे कोणती, हे आम्हालाही माहीत नसते आणि माहीत असताही कामा नये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी रेटिंगच्या फेरफारीचे प्रकरण दाखल केले, वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवण्यात आले आणि ते थेट मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले.

त्यांनी आश्चर्य व्यक्त केले नाही. खिशातून पेन्सिल काढली आणि वहीच्या मागच्या पानावर २१ कोटींना ४४ हजारांनी भागले. ‘म्हणजे पावणेपाच हजारांत एक घर,’ ते म्हणाले. मग साठला त्या संख्येने भागले. ‘आमच्या साठांत एखादे मीटरचे घर असण्याची शक्यता शेकडा सव्वा.’ त्यांनी सव्वाखाली रेघ ओढली, थोडा वेळ त्या रेघेकडे पाहिले आणि मग ज्याची मला भीती होती तिथे ते स्वतःच पोहोचले. ‘आणि तसे एखादे घर असलेच, तर ते बहुधा त्या त्रेपन्नांतले. त्याला टीव्ही बंद करायला लावून आम्हीच दुसऱ्याकडे नेऊन बसवले.’

मी हो म्हटले. शंभरांतल्या जवळपास नव्व्याण्णव शक्यता अशा आहेत की तुमच्या सहा आठवड्यांच्या मेहनतीने ना काही बिघडले ना काही घडले, असेही सांगितले. मला ते सांत्वन वाटले होते. त्यांनी वही मिटली. ‘मग वेळेवर पाहा असे तुम्ही का कळवलेत?’

ते वाक्य खोटे नाही. सर्वांनी मिळून ते पाळले तर मीटरच्या घरांतही त्याचा परिणाम दिसेल, कारण ती घरे सर्वांमधूनच निवडलेली असतात. परंतु विचारणाऱ्या एकेका माणसापुरते त्या वाक्यात काहीही नाही आणि उत्तर तर एकेका माणसालाच जाते. आमच्या धंद्यात हे वाक्य जुने आहे. २००७ मध्ये अमेरिकेत सीबीएस वाहिनीने ‘जेरिको’ ही मालिका बंद केली, तेव्हा चाहत्यांनी टनावारी शेंगदाणे पाठवून तिला नमवले. वाहिनीने आणखी सात भाग कबूल केले आणि चाहत्यांना बजावले की आता ठरल्या वेळी टीव्हीवर जास्त लोक दिसले पाहिजेत. २००८ मध्ये मालिका पुन्हा बंद झाली. पाठवलेल्या शेंगदाण्यांची गोणी मोजता येते, ते पाठवणाऱ्याच्या घरात मीटर नसेल तर त्याचे पाहणे मोजले जात नाही. हे सगळे मी त्यांना सांगितले नाही. ‘आम्ही सर्वांनाच तसे कळवतो,’ इतकेच म्हणाले. ते उठले आणि आभार मानून गेले. ते आभार मला फार लागले.

चार वाजता बैठक होती. मी दोन गोष्टी मांडल्या. पहिली अशी की या मालिकेकडे येणारे थोडे आहेत, पण आलेला शेवटपर्यंत उठत नाही. रीच कमी आणि टाइम स्पेंट आमच्या साऱ्या मालिकांत सर्वाधिक. दुसरी अशी की इतक्या लहान आकड्यात एका आठवड्याच्या घसरणीला अर्थ नसतो. समजा पॅनेलमध्ये, म्हणजे मीटरच्या घरांच्या संचात, हजार घरे आहेत आणि मालिका त्यांतल्या चार घरांत पाहिली जाते. त्यांतले एक घर गावाला गेले की आमच्या तक्त्यात प्रेक्षक पंचवीस टक्क्यांनी घटतात. म्हणून चार आठवड्यांची सरासरी धरा आणि आकडा किती चुकू शकतो ती मर्यादा तळटिपेत छापा, असे माझे म्हणणे होते. तळटीप साहेबांनी बैठकीआधीच काढून टाकली होती, कारण तळटिपेमुळे सेल्सचे लोक गोंधळतात. सेल्सचे लोक गोंधळत नाहीत. ते तळटीप वाचतच नाहीत.

मालिका बंद झाली नाही, तिला रात्री साडेअकराची वेळ देण्यात आली. हीही रीत जुनी आहे. १९६८ मध्ये पत्रांचा पाऊस पाडून चाहत्यांनी ‘स्टार ट्रेक’ वाचवली, तेव्हा वाहिनीने तिला शुक्रवारी रात्री दहाला नेऊन ठेवले आणि १९६९ मध्ये ती संपली. आमच्या बैठकीतल्या कुणालाही हे ठाऊक असण्याची गरज नव्हती, हात आपोआप तिकडेच वळतो.

पुढे काही आठवड्यांनी मालिकेचा आकडा किंचित वाढला. साडेअकराला, आणि कारण विचाराल तर मला सांगता येणार नाही. कुठलेसे एक घर गावाहून परतले असेल. तोवर शेवटच्या भागाचे चित्रीकरण उरकले होते. मी त्या शिक्षकांना फोन केला, तर त्यांनी आकडा विचारलाच नाही. साडेअकरा ही वेळ त्यांच्या मंडळीला उशिराची होते, तरी सातही घरे भरतात, असे म्हणाले. आता रकाने भरत नाहीत, नुसते पाहतात.

त्यानंतर मी उत्तराचा नवा मसुदा केला. मोजणी निवडक घरांतून होते आणि आपण एकट्याने पाहिल्याने किंवा न पाहिल्याने आकडा बदलेलच असे नाही, अशी दोन सरळ वाक्ये त्यात होती. मसुदा वरून परत आला. ती दोन वाक्ये खोडलेली होती आणि ‘आपला प्रतिसाद आमच्यासाठी मोलाचा आहे’ पुन्हा जागेवर बसवलेले होते. या आठवड्यात ते चौदा जणांना गेले.