मिनिट्स कोण लिहिणार?

आज मीटिंगला आम्ही सात जण. सहा पुरुष आणि मी. बसल्या बसल्या साहेब म्हणाले, "मॅडम, मुद्दे जरा तुम्हीच उतरवून घ्या ना, तुमचं अक्षर छान आहे." माझं अक्षर त्यांनी आजवर पाहिलेलं नाही. कोंबडीचे पाय बरे! तरी हात आपोआप पेनाकडे गेला, आणि खरा राग आला तो त्याचाच.

पुढे तर कमालच झाली. मी मांडलेला मुद्दा कुणी कानावरही घेतला नाही. दहा मिनिटांनी तोच शेजारच्या सहकाऱ्याने मांडला, तर सगळ्यांच्या माना डोलल्या. आणि त्याच्या नावावर तो लिहून कुणी घेतला? मीच!

घरी येताना आइसलँड आठवलं. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तिथल्या जवळपास ९० टक्के बायकांनी दिवसभर काम बंद ठेवलं, ऑफिसातलं आणि घरातलंही. कित्येक बापांना पोरं घेऊन कामावर जावं लागलं. (हे चित्र मला फार आवडतं.) पुढच्याच वर्षी समान हक्कांचा कायदा झाला. १९८० साली विग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या, लोकांच्या मतांवर निवडून आलेल्या जगातल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष.

मी एकटी कसला संप करणार म्हणा. पण मघाशी मिनिट्स टाइप करताना त्या मुद्द्यापुढे माझं नाव घातलं. शेवटी आणखी एक ओळ टाकली: 'पुढच्या मीटिंगची मिनिट्स साहेब लिहितील.'

मेल गेलाय. अजून उत्तर नाही.